आधी आजी, मग माप

भाड्यानं खोली देताना माणसं नोकरी विचारतात, लग्न झालंय का विचारतात, फार तर मटण शिजवता का म्हणून विचारतात. पांढुर्ण्यात मी जिच्या घरी तीन वर्षं राहिले, त्या बाईंनी दारात उभं राहून पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुही आजी कशानं गेली?"

माझ्या काखेत गादीची वळकटी होती. मी म्हटलं, "कोणती आजी?"

"दोन्ही सांग."

"आईची आई आहे अजून. वडिलांची आई मी पाहिलीच नाही."

"पाहिली नाही हे समजलं. गेली कशानं?"

मला माहीत नव्हतं. हे उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही. खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "राह्य. पण आजीचं विचारून सांगजो."

मी सौंसरची. सरकारी शाळेत नोकरी लागली म्हणून पांढुर्ण्याला आलेली. मी मुलांची मास्टरीन, त्या कपड्यांच्या मास्टरीन. जाम नदीकडं उतरणाऱ्या त्या गल्लीत 'मास्टरीन' अशी हाक आली की वळून बघायचा अधिकार फक्त त्यांना होता. मी त्यांना काकू म्हणायची. अंगानं किडकिडीत, वय साठीच्या आसपास, आणि गळ्यात कायम टेप. लग्नाला निघाल्या तरी टेप, देवळात गेल्या तरी टेप. एकदा मी आठवण करून दिली तेव्हा त्यांनी टेप काढून पिशवीत ठेवली आणि दहा पावलांवर परत गळ्यात घातली. "मान हलकी लागते वो," म्हणाल्या.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. दोन शिलाई मशिनी, एक आरसा, आणि माप घ्यायच्या कोपऱ्यापुढं फुलाफुलांचा पडदा. तिथं फक्त ब्लाउज शिवले जात. छातीला वाट्या असलेले कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तराचे, बिनअस्तराचे. पण कोणत्याही बाईचं पहिलं माप घेण्याआधी तिची मुलाखत व्हायची. आई कशानं गेली? मावश्या किती? आत्या? कोणाला छातीत गाठ झाली होती का? कोणत्या वयात? तुझी पाळी कधी सुरू झाली? लेकरं किती दिवस अंगावर पाजली? बाई बिचारी हळदीच्या कार्यक्रमासाठी ब्लाउज शिवायला आलेली असायची. एक-दोघी तर कापड घेऊन परत गेल्या. काकूंना त्याचं काही वाटायचं नाही. "जाऊ दे. बाजारात कोणीबी शिवून देईन. विचारीन कोण?"

हे सगळं एका वहीत लिहिलेलं असायचं. छाती, कंबर, मुंढा, बाही असे रकाने सगळेच शिंपी आखतात. काकूंच्या वहीत त्यांच्यापुढं आणखी चार रकाने होते : आई, आजी, मावशी, आत्या. ती वही मशिनीच्या खणात कुलपात असायची. माझ्यासकट कोणालाच ती बघायला मिळाली नाही. गल्लीतल्या बाया एकमेकींचं वजन, वय आणि सुनेचं माहेर असं सगळं जाणून होत्या, पण काकूंच्या खणातलं एक अक्षरही कधी बाहेर आलं नाही.

विद्या त्यांनी कुठून मिळवली, तर एका डॉक्टरीणबाईंकडून. त्या सरकारी दवाखान्यात होत्या आणि ब्लाउज काकूंकडं शिवायच्या. एका ब्लाउजमागं एक प्रश्न, असा काकूंचा नियम. डॉक्टरीणबाईंचीही उत्तर द्यायची तयारी असायची. काकूंनी मुद्दाम बाही चुकवून त्यांना दुसऱ्यांदा बोलावल्याचंही माझ्या कानावर आहे.

"काळी ब्रा घातली का होते का वो?" असं एखादीनं विचारलं की काकू टाचणी तोंडात धरूनच उत्तर द्यायच्या. "रंगानं काही होत नाही. घट्ट ब्लाउजनं बी होत नाही. घट्ट ब्लाउजनं निस्ता जीव गुदमरते." आणि लगेच, "दारू घेते का? हसू नको, विचारून राहिली. घेत असशीन तं सोड. थोडीबी चांगली नाही, डॉक्टरीणबाई सांगते."

त्यांनी कोणाला हात लावून कधी तपासलं नाही. "मी डॉक्टर नाही बाप्पा. मले टेप कळते. टेपेले फरक दिसते, रोग दिसत नाही." मात्र प्रत्येकीला आरशापुढं उभं करून त्या सांगायच्या, "तुही तू पाह्यत जा. आज कशी आहे ते ध्यानात ठेव. मंग कधी काही बदललं, गाठ लागली, कातडी खड्ड्यावानी झाली, बोंडातून पाणी आलं, तं सीधी दवाखान्यात. माह्याकडं येऊ नको, मी काय काज-बटन लावू त्याले?" एकदा एक कॉलेजची मुलगी रडत आली, गाठ लागली म्हणून. काकूंनी मशीन बंद करून तिला स्वतः दवाखान्यात नेलं. गाठ साधी निघाली. "बहुतेक साध्याच असतात," परत येताना काकू तिला म्हणाल्या. "पण साधी आहे हे कोणी सांगाव? डॉक्टरनं. तू नाही, मी नाही, तुही माय नाही."

आणि ब्लाउज ढिला करून देण्यावरून तर रोज भांडण. शिवताना काकू आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायच्या. पहिल्यांदा ब्लाउज घट्ट झाला की एक बोट उसवून द्यायच्या. दुसऱ्यांदा नाही. गल्लीतल्या एक भारदस्त बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, घरात दोन गाड्या. त्या चिडल्या. "कापड माहं, ब्लाउज माहा, तुमाले काय करा लागते?"

"पाळी गेल्यावर अंगावर चढलेली चरबी निस्ती बसून नाही रायत बाई, आतमधून उद्योग करते. दुसरं बोट पाह्यजे तं रोज पुलापर्यंत चालत जा. एक महिन्यानं या."

त्या बाई रागानं खरोखर चालायला लागल्या, काकूंना खोटं पाडायला. महिन्याभरानं ब्लाउज न उसवताच अंगाला बसला. तेव्हापासून पहाटे सावरगावच्या पुलापर्यंत जाऊन येणाऱ्या बायांचं एक टोळकंच तयार झालं. पोरं त्यांना 'ब्लाउज पार्टी' म्हणायची. सगळ्यात पुढं त्या भारदस्त बाई, सगळ्यात मागं टेप घातलेल्या काकू, कोणी मधेच बसू नये म्हणून.

माझ्या आजीचं मी विचारलंच नव्हतं. काकू मात्र दर चार दिवसांनी आठवण करायच्या. शेवटी मी वडिलांना फोन केला.

"कशानं म्हणजे?" बाबा म्हणाले. "म्हातारपणानं."

काकूंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तुया बाबाचं वय काय होतं तवा?" एकोणीस-वीस. मग आजीचं? मी बोटं मोजली. चाळीसच्या पुढं जाईना.

"चाळीसाव्या वर्षी म्हातारपण?" काकूंनी कात्री खाली ठेवली. "अन् आत्या?"

"एक आत्या गेली. तीही लवकरच. पण काकू, हे गाठीचं तर आईकडून येतं ना? माझ्या आईकडं कोणालाच नाही."

"काहून? तू का निस्ती आईचीच आहेस?"

पुढच्या वेळी सौंसरला गेले तेव्हा मी आईजवळ हा विषय काढला. त्याच सुमारास काटोलकडचं एक स्थळ आलं होतं आणि बोलणी बरीच पुढं गेली होती. आईनं बाबांना सांगितलं. बाबा तिसऱ्या दिवशी बसनं पांढुर्ण्याला आले.

रिकाम्या हातानं कोणाकडं जायचं नाही म्हणून भांडायला येतानाही त्यांनी बगीच्यातल्या संत्र्यांची थैली आणली होती. पण दुकान पडलं बायकांचं. आत पडद्यामागं काकू माझंच माप घेत होत्या. बाबा उंबऱ्यापाशी थांबले, थैली खाली ठेवली आणि पडद्याकडं पाठ करून रस्त्याला ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"बाई, तुमी कपडे शिवा. आमच्या घरच्या गोष्टी कायले उसवून राहिल्या? पोरीचं लगन जुळून राहिलं. हे बाहेर गेलं तं कोण करीन तिले?"

"काय बाहेर गेलं तं?" काकूंनी आतून विचारलं.

काकूंनी माझ्या पाठीवरची टेप तशीच धरून ठेवली.

"भाऊ, मी तं अजून काहीच नाही म्हटलं. बाहेर जाण्यासारखं काय आहे ते तुमालेच माईत."

उंबऱ्यापाशी चपला वाजल्या. मला वाटलं बाबा निघून गेले. मग त्यांचा आवाज आला, आधीपेक्षा बराच खाली.

"छातीले होतं मायले. तिनं दोन वर्षं पदराखाली हळद बांधून काढले. आमाले वाटे, थंडी वाजते म्हणून पांघरून बसते. वास यायले लागला तवा समजलं. बहिणीचं तं मले माईत होतं. तिनं मलेच सांगतलं होतं, दादा, इथं गाठ लागते म्हणून. मी म्हटलं, कोणाले नको सांगू, पोरींचे लगनं व्हायचे आहेत. ऐकलं तिनं माहं. मोठ्या भावाचं ऐकलं."

माझे बाबा रडू शकतात हे मला त्या दिवशी समजलं, आणि तेही पडद्यामागून. मी बाहेर जायला निघाले तर काकूंनी टेपेनंच मला मागं ओढलं. बोट ओठांवर ठेवलं. मग त्या पडद्याकडं तोंड करून बोलल्या. इतक्या दिवसांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

"मी बी एक घालवली भाऊ. माही मैत्रीण होती. वरसभरात तिचा ब्लाउज मी तीन खेपा उसवला. दरवेळी डावी कटोरीच. उजवी जशीच्या तशी. मले दिसत होतं. हात शिवणारा असला तं दिसतेच. पण असं कसं विचाराव, म्हणून मी नाही विचारलं, अन् तिनं नाही सांगतलं. मी आपली उसवून देत राहिली. चांगली फिटिंग झाली म्हणे ती."

मग काकूंचा नेहमीचा आवाज परत आला.

"बगीच्यात रोप लावता तं कलमाचा डोळा कोणत्या झाडाचा बांधला हे विचारता का नाही?"

"विचारतो."

"मंग? संत्र्यासाठी विचारता अन् पोरीसाठी नाही विचारणार? या आतमधी. चहा घ्या. पडदा का तुमाले चावते?"

नागपूरच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर आमच्या घराण्याचं झाड काढलं. बायांचे गोल, पुरुषांचे चौकोन. आजीचा आणि आत्याचा गोल त्यांनी काळा केला. म्हणाल्या, बहुतेक बायांचा हा आजार घराण्यातून येत नाही, पण एकाच घरात दोघींना इतक्या लवकर झाला असेल तर रक्त तपासावं. त्या दोघी आता नाहीत, तेव्हा आधी त्यांच्या सगळ्यात जवळच्याचं. म्हणजे बाबांचं.

त्या वऱ्हांड्यात चाळीसेक बाया आणि एकटे माझे बाबा. नर्सनं त्यांचं आडनाव पुकारलं आणि बायांकडं बघत राहिली. बाबा टोपी सावरत उठले. "मीच आहो," म्हणाले. सगळ्या बाया बघायला लागल्या. काकूंनी शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, "पोरीसाठी आले. असे बाप कमी असतात." बाबा कानापर्यंत लाल झाले, पण चालताना थोडे ताठ चालले.

काही आठवड्यांनी निकाल आला. बाबांच्या रक्तात तो घराण्यातून उतरणारा जनुकातला दोष होता. मग माझं रक्त गेलं. माझ्यातही होता.

डॉक्टरांनी नीट समजावलं. आजार झालेला नाही. होण्याची शक्यता इतर बायांपेक्षा बरीच जास्त आहे, एवढंच. आतापासून दरवर्षी तपासणी, आधी एमआरआय, पुढं मॅमोग्राफीही. लेकरं झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, अंडाशयाकडंही लक्ष ठेवावं लागेल. घाई नाही, पण विसरायचंही नाही. मी मान हलवत होते आणि काहीच ऐकत नव्हते. बाहेर आल्यावर बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "माह्यातून गेलं पोरीले," म्हणाले. "माह्यातून."

"नाक बी तुमचंच आलं तिले," काकू म्हणाल्या. "त्याचं नाही रडले कधी."

बाबा रडता रडता हसले. मीही हसले, आणि मग खरं रडू आलं. परत येताना बाबा म्हणाले, जामसांवलीला उतरून मारुतीपुढं नारळ फोडू. काकू म्हणाल्या, "फोडू ना. पण एमआरआयची तारीख आधी घेऊन टाका."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. मी म्हटलं, मला बरं नाही. "बरं नसलेल्याच बाया चालतात," म्हणाल्या, आणि चप्पल पुढं सरकवून उभ्या राहिल्या. पुलापर्यंत त्या सांत्वनाचा एकही शब्द बोलल्या नाहीत. येताना मात्र ब्लाउज पार्टीतल्या बायांनी काही न विचारता मला मधे घेतलं होतं.

काटोलचं स्थळ अजून थांबलेलंच होतं. बाबांचं मन पुन्हा डळमळलं, लग्नानंतर सांगू म्हणाले. काकूंनी मला बोलावून घेतलं. "लग्नाचा ब्लाउज मीच शिवणार. पण आधी त्या पोट्ट्याले सांग, मंग माप. लपवून शिवलेला ब्लाउज मी नाही शिवत."

मी सांगितलं. काटोलकडून पुन्हा फोन आला नाही. आठ दिवस मी काकूंशी बोलले नाही. त्यांनीही मनवलं नाही, फक्त रोज संध्याकाळी माझ्या खिडकीत झाकलेली वाटी ठेवून जायच्या. कधी भाकरीचा कुस्करा, कधी वांग्याची भाजी. भाजीत तिखट इतकं, की रागावून उपाशी राहणंच सोपं होतं.

वर्षभरानं सौंसरच्या पोस्टातले एक जण बघायला आले. चहाचा कप त्यांच्या हातात होता तेव्हाच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"म्हणजे दरवर्षी नागपूरले जा लागन?"

"हो."

"कोणत्या महिन्यात? मले सुट्टी आधी टाका लागते."

त्यांच्याशीच माझं लग्न झालं. काकूंनी ब्लाउज शिवला. पाठीवर मोर काढायचा हट्ट मी केला होता. त्यांनी काढला, पण तो कोंबडा दिसतो असं अजूनही सगळे म्हणतात.

खोली सोडून मी सौंसरला आले. दोन वर्षं गेली. एकदा त्यांच्या दुकानात सहज गप्पा मारताना मी विचारलं, "काकू, तुमची स्वतःची तपासणी कधी झाली?" त्यांनी मशीन जोरात चालवायला सुरुवात केली. मी मशिनीच्या चाकावर हात ठेवला. "काकू, तुमची आई कशानं गेली?"

"मले काय माईत?" त्या खेकसल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "मी पाळण्यात होती. कोणी म्हणे तापानं, कोणी म्हणे करणीनं. बापानं दुसरी केली, मले दूरच्या नात्यात देऊन टाकलं. तिचं माहेर कोणतं, बहिणी किती, काही नाही माईत. माहे चारही रकाने कोरे आहेत. कोऱ्याले काय तपासाव?"

भीती वाटत होती त्यांना. सगळ्या गावाच्या आज्या विचारणाऱ्या बाईला स्वतःच्या कोऱ्या रकान्यांची भीती वाटत होती.

मी त्यांना नागपूरला नेलं. मॅमोग्राफीचा निकाल चांगला आला, हे आधीच सांगून टाकते. आत मशीनमध्ये त्या इतक्या ओरडल्या, की बाहेर सगळ्यांना ऐकू आलं : "अवो बाई, माणूस आहो मी, कपडा नाही! प्रेस कायची करून राहिल्या?" पण ते नंतरचं. मला आठवतो तो त्याआधीचा फॉर्म. खिडकीतली मुलगी विचारत होती आणि मी काकूंच्या शेजारी उभी होते.

"वय?"

"बावन," काकू म्हणाल्या.

"बासष्ट," मी म्हटलं.

"आईला, बहिणीला, मावशीला कोणाला हा आजार?"

काकू खाली बघत होत्या. गळ्यातली टेप मुठीत घट्ट धरलेली. मी म्हटलं, "माहीत नाही." मुलीनं सहज मान हलवली. "माहीत नसेल तर माहीत नाही लिहिते. बऱ्याच जणींना नसतं." आणि खरंच तेवढंच लिहून ती पुढं गेली. काकूंनी मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"सोबत कोण आहे? नाव सांगा. नातं काय?"

मी नाव सांगितलं. नात्यापाशी अडकले. मुलगी म्हणावं तर खोटं, शेजारीण म्हणावं तर तेही आता नाही. मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी माझा हात धरला होता, इतका घट्ट की बांगडी रुतत होती.

"लिहा," त्या खिडकीत वाकून म्हणाल्या. "किरायदार."

"किरायदार?" मुलीनं पेन थांबवलं.

"हो ना. खोली सोडून दोन वर्षं झाले तिले. जातच नाही."